बाटामारिबांच्या मातीच्या घरांना काय हवंय?

नमस्कार श्रोतेहो. टोगो देशाचा ईशान्य कोपरा आणि त्याला लागून असलेला बेनिनचा वायव्य भाग, हा बाटामारिबा लोकांचा मुलूख. त्याचं नाव कुटामाकू. टोगो जर्मनांकडे आणि आजचं बेनिन फ्रेंचांकडे असताना या मुलखाच्या मधोमध सीमारेषा ओढली गेली. सोयरिकी आणि आठवडी बाजार मात्र आजही अलीकडे-पलीकडे चालूच आहेत.

हे लोक जगाला ठाऊक झाले ते त्यांच्या घरांमुळे. या घराला ताकिएंता म्हणतात. दुमजली, मातीचं, कोपऱ्यांना गोल बुरूज असलेलं. लांबून छोटी गढीच वाटावी, आणि तसं कारणही आहे: गुलाम पकडायला येणाऱ्या टोळ्यांपासून जीव वाचवायचा होता. खाली अंधाऱ्या भागात रात्री गुरं आणि कोंबड्या, मधे चूल, वर धाब्यावर माणसांचं झोपणं आणि धान्य वाळवणं. बुरुजांवर गवताची टोपी घातलेल्या कणग्या. त्यांत ज्वारी, बाजरी आणि फोनिओ, म्हणजे आपल्या वरईसारखं बारीक धान्य.

भिंत थराथरानं चढते. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवत नाहीत. भिंत रचायची पुरुषांनी, गिलावा बायकांनी. नेरे नावाच्या झाडाच्या शेंगा उकळून काढलेलं पाणी त्या भिंतीवर फिरवतात, म्हणजे पावसात माती धुपत नाही. ओल्या गिलाव्यावर बोटांनी रेघा ओढतात. बायकांच्या अंगावर जी गोंदणासारखी व्रणांची नक्षी असते, तीच ही नक्षी. कारण घर हे त्यांच्या लेखी माणूसच आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं, की अंत्यविधीत घरालाही कापड नेसवतात.

दार बहुधा पश्चिमेकडे, सूर्य मावळतो त्या बाजूला. कुइये हा त्यांचा सूर्यदेव, सगळ्याचा कर्ता. दारापुढे मातीचे लहानमोठे उंचवटे दिसतात, ती पूर्वजांची आणि देवतांची ठाणी. तिथे कोंबडं किंवा पीठपाणी वाहिल्याशिवाय मोठं काम हाती घेत नाहीत. याला अडाणीपणा म्हणून सोडून देणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. मेलेले, जिवंत आणि जमीन यांचा हिशेब एकत्र ठेवणारी ही रीत आहे.

युनेस्कोनं टोगोकडचा भाग 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतला, 2023 मध्ये बेनिनकडचाही. चांगलंच झालं. पण पाटी लागल्यानं विहिरीला पाणी येत नाही. कोरड्या महिन्यांत बायका-मुली पाण्यासाठी लांब चालतात. धाब्याचा भार भिंतींवर नसतो, तो बेचक्याच्या लाकडी खांबांवर असतो, आणि तसलं लाकूड आता जवळपास मिळत नाही. गवतही दुर्मिळ झालंय, म्हणून पत्रा येतो. ज्याच्या डोक्यावर छप्पर गळतंय, त्यानं पत्रा घातला तर त्याला दोष कसा द्यायचा? त्यात 2021 च्या अखेरीपासून बेनिनच्या अटाकोरा भागात, म्हणजे कुटामाकूची बेनिनकडची बाजू ज्यात येते तिथे, सशस्त्र जिहादी गटांचे हल्ले सुरू झाले आणि भीती वाढली.

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. घर बांधायचं ते कोरड्या ऋतूत. नेमक्या त्याच दिवसांत शेतं मोकळी असतात, म्हणून तरुण पोरं मजुरीला दक्षिणेकडे, काही नायजेरियात जातात. लहान मुलं त्या वेळी शाळेत, फ्रेंचमधून धडे गिरवत असतात. म्हातारा गवंडी गावात असतो, पण त्याच्या हाताखाली कोणी नसतं. माती किती मळायची, थर किती चढवायचा, हे हात घालूनच शिकावं लागतं. तेव्हा वारशाच्या नावानं येणाऱ्या पैशातून आधी पाण्याचे बोअर आणि खांबांच्या झाडांची लागवड व्हावी. आणि गवंड्याला व त्याच्याजवळ राहणाऱ्या पोरांना त्या कोरड्या महिन्यांची पूर्ण मजुरी मिळावी. ती मिळाली, तर बरीच पोरं गावातच थांबतील, असं मला मनापासून वाटतं. नमस्कार.