करी रोडला उतरा, मग वर बघा

श्रोतेहो, नमस्कार.

मडगाव, थिवी, पेडणे इथून कोकणकन्येत बसलेला माणूस पहाटे दादरला पोचतो आणि काम दुपारी असलं की सकाळभर कुठं बसावं या विवंचनेत पडतो. ती सकाळ लोअर परळच्या टॉवरांना द्या. पायीच. टॅक्सीतून टॉवर दिसत नाही, दिसतं ते त्याचं फाटक.

दादरहून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल पकडा. परळ, मग करी रोड, तिथं उतरायचं. जलद गाडी करी रोडला थांबत नाही; चुकून चढलात तर थेट भायखळा. रविवारी रस्ते मोकळे असतात, पण त्याच दिवशी मेगाब्लॉकही असतो, तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठेवा. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकणार असाल तर बॅगेला कुलूप हवंच, नाहीतर घेत नाहीत.

करी रोडहून ना. म. जोशी मार्गानं लोअर परळ स्टेशनकडे चालत या. वाटेत बीडीडी चाळी लागतात, तळमजला अधिक तीन. पुढं पूल ओलांडून सेनापती बापट मार्गाकडे उतरलात की वर्ल्ड वन हा टॉवर समोर येतो: 280 मीटर, 76 मजले. वीस मीटरचा माड धरला तर एकावर एक चौदा माड. ही जागा श्रीनिवास मिलची. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जमिनींवर हे उभं राहिलं. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात अजून आहे. एके काळी या भागात तीच उंच वाटायची.

आता उंची स्वतः मोजा. चौकोनी कागद कोपऱ्यातून कोपऱ्याला दुमडा. एक आखूड बाजू जमिनीला समांतर धरा आणि लांब कडेवरून शेंड्याकडे नजर लावा. मागेपुढे सरकत शेंडा बरोबर त्या रेषेत आला की थांबा. तिथून इमारतीच्या पायथ्यापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, एवढी इमारतीची उंची. पाऊल पाऊण मीटरचं आणि पावलं 370 भरली, तर झाले दोनशे साडेसत्त्याहत्तर मीटर. त्यात डोळ्यांचा दीड मीटर मिळवा, 279. हिशेब चुकतो तो दोन ठिकाणी. पुलावर उभं राहून मोजलं तर पुलाची उंची धरायची राहते. आणि पायथा म्हणून लोक कुंपणापर्यंतच पावलं मोजतात, टॉवर मात्र आत बराच दूर असतो.

मजले मोजताना खालचे पार्किंगचे, म्हणजे पोडियमचे मजले बहुतेक सुटतात. खिडक्यांच्या रांगांत मधेच गॅलरी नसलेला काळोखा पट्टा दिसतो, तो रेफ्यूज एरिया. आगीच्या वेळी माणसांनी थांबायची ही मोकळी जागा. मुंबईत साधारण सात-सात मजल्यांनी असते, म्हणून पट्टे मोजले की मजल्यांचा अदमास लागतो. नेहमीच्या घराचा मजला तीन मीटरच्या आसपास. वर्ल्ड वनच्या 280 ला 76 नं भागलं तर जवळजवळ 3.7 येतात. उंच छतं, पोडियम, माथ्यावरचा सांगाडा, सगळं त्यात आलं.

काम चालू असलेल्या टॉवरखाली वर बघत चालू नका. थांबा, बघा, मग चाला. फाटकाशी ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारा ट्रक, मागे घेतला जातो तेव्हा ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. शिटी वाजवणाऱ्या माणसाकडे लक्ष ठेवा. फूटपाथ मध्येच संपतो. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा: उंच भिंतीवर आपटलेला वारा खाली उतरून पायथ्याशी जोर धरतो आणि छत्री उलटी होते.

पत्र्याच्या कुंपणावरचा फलक मात्र सोडू नका. त्यावर पी अक्षरानं सुरू होणारा महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्रमांक असतो. तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर मजले आणि काम पुरं करायची तारीख कळते. आपल्याकडे पणजी-पर्वरीच्या कुंपणांवर शोधायचा तो गोवा रेराचा, पीआरजीओनं सुरू होणारा.