वाघाला कोणी फसवलं?

मंडळी, नमस्कार.

परदेशातल्या आठवड्याच्या मराठी शाळेत आपली मुलं बाराखडी शिकतात, जोडाक्षरं गिरवतात आणि दोन-तीन वर्षांत धडा घडाघडा वाचून दाखवतात. आईबाबांना वाटतं, झालं, वाचन आलं. अशा मुलाला एक वाक्य देऊन पाहा : 'वाघाला म्हातारीने फसवले.' कोणी कोणाला फसवलं? इंग्रजी शाळेत जाणारं मूल पुष्कळदा म्हणतं, वाघाने म्हातारीला. इंग्रजीत करणारा आधी येतो. मराठीत तो कुठेही बसतो आणि ओळखायचा असतो 'ने' वरून. अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं, गोष्ट मात्र उलटी झाली.

गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं आकलन गुणाकाराच्या रूपात मांडलं : अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्य. परदेशात वाढणाऱ्या मुलांची दुसरी बाजू लंगडी असते, आणि ती भरलेल्या वर्गात दिसत नाही. एका मुलासमोर एकच शिक्षक बसला की दिसते. अशा एकेकट्या शिकवणीला आठवड्यातून दोनदा अर्धा तास द्या. एकदाच तासभर बसवलं तर मधल्या सात दिवसांत बरंच विरून जातं.

पुस्तक सोपं घ्या. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर ते बाजूला ठेवा. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या पातळीची गोष्ट बाळबोध वाटते, आणि ते रास्तच आहे. त्याच्यासाठी वरच्या पातळीची गोष्ट शिक्षकाने वाचावी आणि मुलाने फक्त पात्रांचे संवाद वाचावेत.

खरी मेख आहे सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप बदलतं त्यात. मुलाला 'देऊळ' माहीत असतं, 'देवळात' आलं की ते नवा शब्द समजून अडतं. 'पाऊस' कळतो, 'पावसात' कळत नाही. शब्दकोशात शोधलं तर तिथेही 'देवळात' सापडत नाही. म्हणून वाचनाआधी गोष्टीतल्या अशा चार-पाच जोड्या निवडा आणि एका कार्डावर एकच जोडी लिहा : देऊळ–देवळात, भोपळा–भोपळ्यात. यात पाच मिनिटं जातात, पण पुढचं अडखळणं कमी होतं.

मूल वाचत असताना मनात पाच अंक मोजल्याशिवाय तोंड उघडू नका. 'पाणी'चं 'पानी' झालं तर तूर्त सोडून द्या. 'पडला'च्या जागी 'पाडला' वाचलं तर थांबवा, कारण तिथे अर्थ फिरतो. प्रत्येक उच्चार सुधारत बसलं की मूल शब्द वाचतं आणि गोष्टीचा धागा सोडतं.

'कळलं का?' हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. ज्याचं उत्तर पानावर छापलेलं नाही, ते विचारा. भोपळ्यातल्या म्हातारीने वाघाला 'लेकीकडून लठ्ठ होऊन येते, मग खा' असं का सांगितलं? मुलाने इंग्रजीत उत्तर दिलं तरी स्वीकारा. आत्ता आपण आकलन तपासतो आहोत. मग त्याच उत्तराचं एक छोटं मराठी वाक्य आपण म्हणावं आणि मुलाकडून म्हणवून घ्यावं.

गोष्ट सांगताना बहुतेक मुलं 'आणि मग, आणि मग' करत धावतात. कागदावर पाच चौकोन आखा : कोण, कुठे, काय अडलं, काय केलं, शेवटी काय झालं. चौकोनांत चित्रंच काढू द्या. शब्द लिहिले की मूल तेच वाचून दाखवतं. दर आठवड्याला वाक्यं जोडणारा एकच शब्द द्या. आधी 'पण', मग 'म्हणून', नंतर 'तेवढ्यात'. 'म्हणून' वापरायचं तर कारण सापडावं लागतं, त्यामुळे सांगण्यातून आकलनही पक्कं होतं. महिन्यातून एकदा दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण ठेवा आणि जुनं-नवं मुलालाच ऐकवा.

ऐकणारा मात्र गोष्ट न ऐकलेला हवा. भारतातले आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असले तर उत्तमच. माहीत नसलेलं ते खरंच विचारतात. त्या वेळी आईबाबांनी खोलीबाहेर थांबावं. शेजारी बसले की मूल अडल्यावर त्यांच्या तोंडाकडे पाहतं, आणि ते शब्द पुरवून मोकळे होतात.