वळणावरचा क्रूस

(पडद्यावर: वांद्रे, रणवार. सकाळ. चुन्याचा हात दिलेला क्रूस, पायथ्याशी विझलेली मेणबत्ती.)

रिक्षा हॉर्न मारत वळते. कामावर निघालेली बाई चालता चालताच कपाळाला, छातीला बोटं लावते. थांबत नाही. रोजचाच तो.

रणवार, माझगावची माथारपाखाडी, गिरगावची खोताची वाडी... मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत असे क्रूस वळणावळणाला भेटतात. सगळेच प्लेगच्या साथीत उभारलेले नव्हेत, काही त्याहून जुने. पण दगडावरचं साल 1896 नंतरच्या दोन-चार वर्षांतलं असेल, तर दोन मिनिटं थांबावं.

सप्टेंबर 1896. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग्याचा ताप आणि गाठ पाहून ओळखलं, हा प्लेग आहे. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याची गोदामं, आणि गोदामं म्हणजे उंदीर. काही महिन्यांतच जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. कोकणातला माणूस कोकणात गेला, घाटावरचा घाटावर. इथल्या ईस्ट इंडियन माणसाचं, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती माणसाचं, गाव मात्र हेच. त्याने जायचं कुठे?

त्यातच 1897 चा साथरोग कायदा आला. घराघरांत झडती, आजारी माणूस उचलून इस्पितळात, उरलेले छावणीत. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस त्याच जानेवारीत स्वतःला टोचून घेतली खरी, पण ती गल्लीबोळांत पोचायला अवकाश होता.

गल्लीने क्रूस उभारला. कुणाचा नवस होता, कुणी वाचल्याबद्दल देवाचे उपकार मानले, असं आपण सहज म्हणून जातो. मला मात्र त्या गर्दीतला तिसराच माणूस दिसतो. त्याच्या घरातली माणसं गेलेली. त्याचा नवस कुठे फळला होता? तरी तो संध्याकाळी जिना उतरून आला असेल, रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, गुडघे टेकले असतील. सोनं आगीत पारखतात तसा विश्वास पारखला जातो, असं बायबलमधल्या पेत्राच्या पत्रात आहे. आगीत उभ्या माणसाला ते वाक्य किती जड गेलं असेल!

(पडद्यावर: बंद चर्चचं फाटक.)

2020 च्या मार्चमध्ये, करोनाच्या साथीत, चर्चची दारं बंद झाली. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्राही भरली नाही. वळणावरच्या क्रूसाला मुळात दारच नव्हतं.

(पडद्यावर: मे महिना, दिवेलागण.)

रोझरी संपते. उकडलेल्या चण्यांचं पातेलं फिरतं, आणि पोरं मागे जाऊन पुन्हा रांगेत उभी राहतात.