उंबऱ्याबाहेरचं बाक

श्रोतेहो, नमस्कार.

घटकाभर डोळे मिटा आणि एक वर्ग समोर आणा. अमेरिकेतलं ओक्लाहोमा राज्य, नॉर्मन नावाचं गाव, तिथलं सरकारी विद्यापीठ. साल १९४८. गोरे विद्यार्थी रांगेनं बसलेत, तास चालू आहे. वर्गाला लागून एक लहानशी खोली आहे आणि तिच्या तोंडाशी एकच बाक मांडलंय. त्या बाकावर कोट घातलेले एक काळे गृहस्थ बसलेत, वर्गातल्या मुलांच्या वडिलांच्या वयाचे. त्यांचं नाव जॉर्ज मॅक्लॉरिन. हजेरीपटावर त्यांचं नाव आहे, पुस्तकं तीच, शिक्षक तेच, परीक्षा तीच. फक्त बसायचं उंबऱ्याच्या पलीकडे.

त्या वेळी काढलेलं हे छायाचित्र मी माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. तीस वर्षं मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना राज्यघटना शिकवली. तासाला जाण्यापूर्वी पुस्तक काढायला कपाट उघडलं की मॅक्लॉरिन दिसायचे. त्यांच्या बाकाची आणि त्या बाकापर्यंत वाट काढणाऱ्या एका मुलीची गोष्ट मला आज सांगायची आहे.

ओक्लाहोमा राज्य झालं १९०७ साली. राज्य झाल्यावर तिथल्या सिनेटनं जे पहिलं विधेयक हाती घेतलं, ते कशाचं होतं? रेल्वेत काळ्यांचे आणि गोऱ्यांचे डबे वेगळे, स्टेशनवरच्या बसायच्या खोल्या वेगळ्या, याचं. १९१५ मध्ये तर टेलिफोनच्या पेट्याही वेगळ्या करण्याचा कायदा झाला. शाळा-कॉलेजांसाठीचा कायदा आणखी बारकाईनं केलेला होता. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणारी संस्था चालवणाऱ्याला दिवसाला १०० ते ५०० डॉलर दंड, शिकवणाऱ्याला दिवसाला १० ते ५० आणि अशा वर्गात बसणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यालासुद्धा दिवसाला ५ ते २० डॉलर. म्हणजे एखाद्या गोऱ्या मुलाला शेजारी काळा मुलगा बसलेला चालत असेल, तरी कायदा म्हणणार, तुला चालतं म्हणून दंड भर.

या सगळ्याला आधार होता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ मधल्या प्लेसी निकालाचा. वेगळं ठेवा, पण समान ठेवा, म्हणजे घटनेला बाध येत नाही, असं त्या निकालानं ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात वेगळं तेवढं उरलं. ओक्लाहोमात काळ्यांसाठी लँग्स्टन इथे एक विद्यापीठ होतं, पण तिथे कायद्याचं शिक्षण नव्हतं, डॉक्टरेट नव्हती. शिकायचंच असेल तर राज्याबाहेर जा, फीचे पैसे देतो, असं सरकारचं म्हणणं. मुलगा आपला, कर भरणारे आईबाप आपले, पण शिकायला त्यानं परमुलुखात जायचं.

हा आधार उखडायचा कसा, याचा विचार चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या काळ्या वकिलानं फार आधीपासून केला होता. त्यांनी सुरुवात प्राथमिक शाळांपासून केली नाही, विद्यापीठांपासून केली. मला ह्यूस्टन यांच्या बुद्धीचं आजही नवल वाटतं. एक तर न्यायाधीश स्वतः लॉ कॉलेजात शिकलेले. कॉलेज म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, हे त्यांना पटवून द्यावं लागणार नव्हतं. दुसरं, वेगळं पण खरोखर समान ठेवायचं म्हटलं, तर एका विद्यार्थ्यासाठी सबंध लॉ कॉलेज उभारावं लागेल आणि कुठल्याही राज्याच्या तिजोरीला ते झेपणार नाही. १९३८ मध्ये मिसूरी राज्यातल्या लॉइड गेन्स या तरुणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंही की परराज्याची फी देऊन हात झटकता येणार नाहीत, सोय आपल्याच राज्यात करावी लागेल. गेन्स मात्र त्या कॉलेजात कधी बसले नाहीत. मार्च १९३९ मध्ये एका संध्याकाळी शिकागोत टपालाची तिकिटं आणायला म्हणून ते बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. त्यांचा पत्ता आजतागायत लागलेला नाही.

हे सगळं ठाऊक असूनही १४ जानेवारी १९४६ या दिवशी एडा लोइस सिप्युएल ही एकवीस वर्षांची मुलगी नॉर्मनच्या विद्यापीठात अर्ज घेऊन गेली. चिकाशा गावच्या एका धर्मोपदेशकाची ही लेक. लँग्स्टनमधून चांगल्या गुणांनी पदवी घेतलेली. खरं तर आधी विचार चालला होता तिच्या भावाचा. पण तो महायुद्धातून परतला होता, आधीच वर्षं गेलेली, कोर्टात आणखी घालवायची त्याची तयारी नव्हती. मग बहीण पुढे झाली. सोबत होते ‘ब्लॅक डिस्पॅच’ या पत्राचे संपादक रॉस्को डंजी. नॉर्मन हे गाव असं होतं की सूर्य मावळल्यावर काळ्या माणसानं तिथे थांबायचं नाही. काय असेल ते दिवसाउजेडी उरकून निघायचं.

विद्यापीठाचे अध्यक्ष होते जॉर्ज लिन क्रॉस, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आलेल्यांना बसवून घेतलं, गुणपत्रिका तपासून घेतली. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. कायद्यानं त्यांचे हात बांधलेले होते. पण नकार देताना त्यांनी एक मोलाची गोष्ट केली. प्रवेश नाकारला तो केवळ वर्णामुळे, दुसरं कारण नाही, असं त्यांनी लेखी दिलं. कागदपत्र अपुरे आहेत, जागा भरल्या आहेत, असं काहीबाही लिहून दिलं असतं तर खटला त्याच गाळात रुतून बसला असता. कार्यालयात वर्षं काढलेल्या माणसाला कळेल की खरं कारण कागदावर लिहून देण्याला किती धैर्य लागतं.

खालच्या कोर्टात हार, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हार. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. बाजू मांडली थरगुड मार्शल यांनी. हेच मार्शल पुढे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. सुनावणी संपली ८ जानेवारी १९४८ ला आणि निकाल आला १२ तारखेला, चारच दिवसांत. गोऱ्यांना कायद्याचं शिक्षण ज्या वेळी मिळतं, त्याच वेळी हिलाही मिळालं पाहिजे, असा आदेश झाला.

यावर राज्यानं काय केलं असेल? राजधानीत विधिमंडळाच्या इमारतीतल्या काही खोल्या मोकळ्या केल्या, तीन वकील शिकवायला नेमले, वर पाटी लावली, लँग्स्टन विद्यापीठ लॉ स्कूल. दोन आठवड्यांच्या आत एक आख्खं लॉ कॉलेज तयार! सिप्युएल म्हणाली, मी तिथे जाणार नाही. ती पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली, पण या वेळी बहुमत तिच्या बाजूनं नव्हतं. नॉर्मनच्या विद्यापीठातल्या गोऱ्या मुलांनी मात्र सभा भरवली, राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीची प्रत जाळली आणि तिची राख राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना टपालानं पाठवून दिली. समतेची हमी देणारी हीच ती दुरुस्ती. ती पाळायची नसेल तर तिची राखच घ्या, असं त्या मुलांचं म्हणणं.

याच वर्षी मॅक्लॉरिन पुढे आले. लँग्स्टनमधले हे निवृत्त प्राध्यापक. कॅन्ससची पदव्युत्तर पदवी गाठीशी होती, आता त्यांना शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायची होती. डॉक्टरेटसाठी रातोरात वेगळं विद्यापीठ काढणं राज्याला जमण्यासारखं नव्हतं. फेडरल कोर्टानं कान पिळल्यावर ऑक्टोबर १९४८ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. पण आत घेतल्यावर विद्यापीठानं भिंत आतच बांधली. वर्गात बसायचं ते त्या बाजूच्या खोलीत. ग्रंथालयात बसायचं ते पोटमाळ्यावरच्या नेमून दिलेल्या टेबलाशी, खालच्या वाचनकक्षात नाही. उपाहारगृहात टेबल वेगळं आणि जेवायची वेळही वेगळी.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, पंक्तिभेद. मांडव एक, आचारी एक, वाढपी एक, पण पान वेगळ्या जागी. पंगतीत असं बसवलेल्या माणसाला घास कसा लागतो, हे आपल्याकडच्या कित्येक घरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसले. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतेल तेव्हाच प्यायचे. आणि ज्या १९४६ साली सिप्युएल अर्ज घेऊन गेली, त्याच वर्षी बाबासाहेबांनी काळ्यांच्या चळवळीतले थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या निग्रोंच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असं त्यात म्हटलंय. तेव्हाचा शब्द तोच होता. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेरीस उत्तर धाडलं, आपलं नाव आणि कार्य मी ऐकून आहे, कसलीही मदत लागली तर कळवा. साताऱ्याचं गोणपाट आणि नॉर्मनचं बाक यांचं नातं मी जोडतोय असं समजू नका. त्या दोघांनी पत्रातून ते आधीच ओळखलं होतं.

मॅक्लॉरिन पुन्हा कोर्टात गेले. मग विद्यापीठ थोडं थोडं सरकू लागलं. बाक वर्गात आलं, पण त्याभोवती कठडा आणि कठड्यावर पाटी, ‘कलर्ड लोकांसाठी राखीव’. ओरड झाली तेव्हा कठडा आणि पाटी काढली, तरी काळ्यांची रांग वेगळीच राहिली. ग्रंथालयात ते पोटमाळ्यावरून खाली आले, पण टेबल नेमून दिलेलंच. जेवायची वेळ एक झाली, टेबल वेगळंच राहिलं. राज्याचे वकील कोर्टात सांगू लागले, आता उरलंय काय? नाममात्र अंतर तर आहे!

हे सगळं मी माझ्या वर्गात फळ्यावर नकाशा काढून शिकवायचो. एका वर्षी नुसत्या नकाशानं भागेना म्हणून मी विचारलं, कोण आपली खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसेल? एक मुलगी उठली. दार उघडंच होतं, फळा तिला दिसत होता. मी नेहमीसारखा शिकवत राहिलो, मुलांना प्रश्न विचारले, वाद झाला, हशा झाला. पंधरा मिनिटांनी तिला आत बोलावलं आणि विचारलं, ऐकू येत होतं ना? ती म्हणाली, “सगळं ऐकू येत होतं, सर. पण मधे बोलावंसं वाटलं तेव्हा वाटलं, आता आत बघून बोलायचं म्हणजे ओरडावं लागेल. मग राहूनच गेलं.”

५ जून १९५० रोजी मुख्य न्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांनी जो एकमताचा निकाल दिला, त्यात दुसरं काय आहे? या बंधनांमुळे मॅक्लॉरिन यांच्या अभ्यासाला, इतर विद्यार्थ्यांशी चर्चा करून विचारांची देवाणघेवाण करण्याला आणि एकूणच आपला व्यवसाय शिकण्याला बाध येतो, असं न्यायालयानं म्हटलं. शिवाय हा माणूस उद्या शिक्षक होणार आहे, त्याला जे शिक्षण मिळेल त्याचा परिणाम त्याच्या हाताखालून जाणाऱ्या सगळ्यांवर होईल, हेही सांगितलं. त्याच दिवशी टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं दार हेमन स्वेट यांच्यासाठी उघडणारा निकालही लागला. हे दोन्ही निकाल बघायला ह्यूस्टन राहिले नाहीत. सहाच आठवडे आधी, एप्रिलमध्ये ते गेले. चार वर्षांनी, १७ मे १९५४ ला, शाळांतला वर्णभेद मोडणाऱ्या ब्राउन निकालात न्यायालयानं मॅक्लॉरिन यांचाच दाखला दिला, की मोठ्या माणसाला वेगळं बसवल्यानं जर इतकी हानी होते, तर लहान मुलाला ती किती जास्त होत असेल.

आता सिप्युएलकडे परत येऊ. विधिमंडळाच्या खोल्यांतलं ते लॉ स्कूल दीड वर्षात गुंडाळलं गेलं आणि १८ जून १९४९ ला तिला नॉर्मनला प्रवेश मिळाला. अर्ज केल्याला साडेतीन वर्षं होत आली होती. फी जमली होती ती कुठल्या कुठल्या लोकांनी पाठवलेल्या लहान लहान रकमांतून. वर्गात शिरली तर समोर रिकाम्या बाकांची एक रांग, तिच्यामागे लाकडी कठडा, त्यावर ‘कलर्ड’ अशी पाटी आणि त्यामागे तिची खुर्ची. उपाहारगृहात तिच्या जेवणाच्या जागेपुढे साखळी बांधलेली आणि राखायला पहारेकरी. पहारेकरी जरा बाजूला गेला की वर्गातली गोरी मुलं आपापलं ताट घेऊन त्या साखळीखालून वाकून आत येत आणि तिच्यासोबत जेवत. हे पुढे तिनं स्वतः सांगितलंय. दंडाचा तो जुना कायदा त्या मुलांना माहीत नसेल असं नाही. मी ही ओळ वर्गात सांगताना दर वर्षी क्षणभर थांबत असे.

१९५० नंतर या साखळ्या निघाल्या. पदवीच्या वर्गांची दारं उघडायला मात्र १९५५ उजाडलं. सिप्युएलनं कायद्याची पदवी घेतली, चिकाशात वकिली केली, मग लँग्स्टनमध्ये अनेक वर्षं शिकवलं. मधेच, १९६८ मध्ये, त्याच नॉर्मनच्या विद्यापीठातून इतिहासात पदव्युत्तर पदवी मिळवली.

तिच्या खटल्यात प्रतिवादी होतं विद्यापीठाचं नियामक मंडळ, बोर्ड ऑफ रीजंट्स. १९९२ मध्ये ओक्लाहोमाच्या गव्हर्नरनी तिला त्याच मंडळावर नेमलं. ती अडुसष्ट वर्षांची होती. १९९५ च्या ऑक्टोबरात ती गेली. नॉर्मनच्या आवारात तिच्या नावाची बाग आहे. तिथे कुणीही, कुठेही बसतं, सूर्य मावळल्यावरसुद्धा.

नमस्कार.