काळ्या दगडातलं आकाश

हिंजवडीतून फिरताना आधुनिक वास्तुकला म्हणजे काचच, असा समज झाला असेल, तर एकदा पुणे विद्यापीठाच्या आवारात या. ही आयुका, खगोलशास्त्राची संशोधन संस्था.

घाई न करता आधी भिंत बघा, अगदी जवळून. खाली आपला खडबडीत काळा पाषाण. त्यावर त्याहून काळा कडप्पा. आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. खालचा दगड ऊन गिळून टाकतो, वरच्यात ढग सरकताना दिसतात. अवकाशाचा काळोख वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी असा थराथरानं वर चढवत नेला आणि शेवटी त्यात खरंखुरं आकाश आणून सोडलं. रंगाचा डबासुद्धा न उघडता! जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर ज्या बेसाल्टात कोरलंय, त्याच जातीचा हा दगड. इतकी नवी वास्तू पुण्याला परकी वाटत नाही, ती मला वाटतं यामुळेच.

बालगंधर्वच्या किंवा घोले रोडच्या कलादालनात आपण चित्रांत रमतो, इमारतीकडे लक्षही जात नाही. इथे बघायची ती इमारतच.

१९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं ही संस्था सुरू झाली. मधल्या चौकात कोरियांनी कुंड बांधलं, आपल्या देवळांपुढे असतं तसं. पण याच्या रेषा स्वस्थ नाहीत. मध्यातून बाहेर भिरकावल्यासारखे दगड तिरके धावतात: प्रसरण पावणारं विश्व. (विश्व महास्फोटातून सुरू झालं, हे नारळीकरांना मान्य नव्हतं; पण ते प्रसरण पावतंय, याबद्दल त्यांचा वाद नव्हता.) भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. दुसऱ्या एका चौकात सिरपिन्स्कीची त्रिकोणी नक्षी: त्रिकोणाच्या पोटातून त्रिकोण काढायचा, उरलेल्या तिन्हींतून पुन्हा तेच. गणितातली आकृती इथे पायाखाली येते.

आणि हा फुकोचा लंबक. झोके घेता घेता त्याची दिशा हळूहळू वळते, कारण खालची पृथ्वी फिरतेय. ध्रुवावर हा फेरा साधारण एका दिवसात पुरा होतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून इथे तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुका सगळ्यांसाठी खुली असते. शाळकरी मुलं व्याख्यानं आणि प्रयोगांसाठी येतात. त्यांच्याबरोबर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनीही यावं, वही-पेन्सिल घेऊन, आणि कुंडाच्या पायरीवर बसून त्या तिरक्या रेषा काढून बघाव्यात.