आवाज न होता लागलेला कॉल

(पडद्यावर: फोन धरलेला हात, अगदी जवळून. अंगठा बाजूच्या बटणावर, बोट आवाजाच्या बटणावर.)

दोन्ही बटणं एकदम दाबून धरली आहेत. आधी स्क्रीनवर सरकवायची पट्टी येते. बोटं तशीच ठेवली की उलटमोजणी सुरू होते आणि तिच्यासोबत भोंगा. मोजणी संपून बटणं सोडली की आयफोन आणीबाणीचा नंबर लावतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर हेच काम पॉवर बटण पटापट पाचदा दाबून होतं, आणि तिथेही मोजणीला अलार्मची जोड असते.

हा आवाज मुद्दाम कर्कश ठेवलेला आहे. बटण खिशात दाबलं जातं, पर्समध्ये दाबलं जातं. जून 2023 मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की अँड्रॉइडच्या या सोयीमुळे 999 या तिथल्या आणीबाणीच्या नंबरवर नकळत लागणारे कॉल खूप वाढले आहेत. असा प्रत्येक कॉल कुणाला तरी उचलावा लागतो. भोंगा वाजला तर फोनवाला सावध होतो आणि कॉल लागण्याआधीच रद्द करू शकतो. शिवाय ज्याला स्क्रीन दिसत नाही, त्याला आपला कॉल खरंच निघाला की नाही, हे या आवाजावरूनच कळतं.

(पडद्यावर: टेबलावर जुना सीडीएमए हँडसेट. सेटिंग्जची यादी खाली सरकते.)

ही आवाजाची गोष्ट बटणांच्या शॉर्टकटच्या आधीपासूनची आहे. अँड्रॉइडमध्ये सीडीएमए, म्हणजे एका जुन्या मोबाइल नेटवर्कच्या, फोनसाठी एक स्वतंत्र सेटिंग होतं: आणीबाणीचा नंबर लावल्यावर काय व्हावं? पर्याय तीन: काहीच नको, सूचनेचा सूर, किंवा फक्त कंपन. सूर निवडलेला असला, की कीपॅडवरून शांतपणे 911, म्हणजे अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर, लावलं तरी फोन वाजायचा. कंपनाचा पर्याय बहिऱ्या माणसाच्या कामाचा. तीन ओळींचं हे साधं सेटिंग आम्हाला आजही आदर्श वाटतं, कारण त्यात निवड वापरणाऱ्याच्या हातात होती. फक्त ते आधी उघडून पाहायला हवं होतं.

(पडद्यावर: बंद दार. दाराखालून येणारा उजेड.)

मारणारा पलीकडच्या खोलीत असेल, तर हाच आवाज लपण्याची जागा दाखवून देतो.

(पडद्यावर: आयफोनचं सेटिंग्ज, जवळून.)

सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी एसओएस' उघडा. तिथे 'कॉल क्वाएटली' हे बटण आहे. ते चालू केलं की भोंगा, फ्लॅशची उघडझाप आणि व्हॉइसओव्हरचं (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीचं) बोलणं, तिन्ही गप्प होतात. अँड्रॉइडवर 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'मध्ये इमर्जन्सी एसओएस उघडून मोजणीचा अलार्म बंद करायचा. कंपनीगणिक नावं बदलतात, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'एसओएस' टाकणं सोपं. अलार्म बंद केला की खिशातला चुकीचा कॉलही गुपचूप लागणार, हे लक्षात ठेवूनच तो बंद करा. आणि फोन सायलेंटवर टाकला म्हणजे भोंगाही बंद झाला, असं गृहीत धरू नका. रिंगटोनचं सेटिंग वेगळं, याचं वेगळं.

घाईत शॉर्टकट टाळून सरळ कीपॅडवरून नंबर लावला, तर आयफोन ही मोजणी करतच नाही. तिथे आवाज होतो तो फक्त आकड्यांच्या टिकटिकीचा. कॉल तुटला तर नियंत्रण कक्षातून उलट फोन येऊ शकतो, म्हणून रिंग आणि कंपन दोन्ही आधीच बंद असलेली बरी. लाकडी कपाटात कंपनसुद्धा चांगलंच ऐकू जातं.

(पडद्यावर: अंगठा 5 या आकड्यावर. पुन्हा 5.)

बोलताच येत नसेल तर काय, याचं उत्तर ब्रिटनने 2002 पासून ठेवलं आहे. मोबाइलवरून 999 लावल्यावर ऑपरेटर आधी विचारतो, कोणती सेवा हवी. उत्तर आलं नाही तर खोकायला किंवा फोनवर टकटक करायला सांगतो. तरीही शांतता असेल तर ध्वनिमुद्रित सूचना लागते: 55 दाबा. दाबलं की कॉल पोलिसांकडे जातो. इथे कीपॅडचा आवाज बंद असला तरी अडत नाही. कानाला ऐकू येणारी टिकटिक फोन फक्त आपल्यासाठी वाजवतो. पलीकडे पोचणारा आकड्याचा संकेत वेगळा जातो. मात्र 55 दाबल्याने पोलिसांना ठिकाण कळत नाही. ते मग हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारतात.