भेरूघाटातला ओला पंचा

[दृश्य: रामबाग, इंदूर. पहाट. गल्लीत कापडाखाली झाकलेली गाडी.]

रविवार, सकाळचे सहा. दूधवाला अजून यायचाय. बाबा मात्र खाली उतरलेत. गाडीवरचं कापड ते एकदम ओढत नाहीत, अंथरूण आवरावं तसं घडी घालत घालत मागे सारतात. खालून निघते १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. रंग कागदोपत्री पांढरा. आता चहात जरा दूध जास्त झाल्यासारखा.

बाबा बॉनेट उघडतात, आत हात घालतात, काहीतरी करतात आणि पुन्हा बंद करतात. वर खिडकीकडे एकदा बघून घेतात. हे कॅमेऱ्याने पाहिलं. माझ्या मुलीने नाही. ती अजून झोपली आहे.

[दृश्य: जुना कृष्णधवल फोटो. गाडीच्या टपाला टेकलेलं कुटुंब.]

या फोटोत फ्रॉक घातलेली मुलगी म्हणजे मी, वय नऊ. महेश्वरहून परतत होतो. मे महिना, भर दुपार, समोर भेरूघाटाचा चढ. अर्ध्यावर गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. आई काही बोलली नाही, तिने फक्त डोक्यावर पदर घेतला. बाबांनी बॉनेट उघडलं, स्वतःचा पंचा बंपरला टांगलेल्या छागळीतल्या पाण्यात भिजवला आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपाभोवती गुंडाळला.

"पंपात पेट्रोल उकळलंय," ते म्हणाले. "वाफ झालीय. या पंपाला पातळ ओढता येतं, वाफ नाही ओढता येत."

मग त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. पंचा सुकू द्यायचा नाही, आणि पाणी पंपावरच पडायला हवं. तापलेल्या ब्लॉकवर पडलं तर तो चिरेल. वीस मिनिटं मी श्वास रोखून थेंब थेंब सोडत होते. मग गाडी सुरू झाली. ती मीच सुरू केली, असं मला पुढे कित्येक वर्षं वाटत होतं. खरं सांगायचं तर आजही वाटतं.

[दृश्य: कपाटात ओळीने मांडलेल्या छोट्या मोटारी, धूळ बसलेल्या.]

हे वेड मुलांना द्यायचं म्हणून मी आधी जे केलं ते सपशेल चुकलं. मोठ्या मुलाला खेळण्यातल्या मोटारी आणल्या, भिंतीवर चित्रं लावली. एकदा माणिकबागेसमोर उभं करून लांबलचक व्याख्यान दिलं. आज इथे सरकारी कर खात्याचं ऑफिस आहे, पण १९३० च्या दशकात इथे यशवंतराव होळकर दुसरे राहायचे. त्यांनी अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग मोटारीची चासी, म्हणजे नुसता सांगाडा, मागवली, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. आठ सिलिंडर, वर सुपरचार्जर, कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा!

मुलाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मायलेज किती?"

त्याने होळकरांचं दुसरं वेड उचललं, क्रिकेटचं. याच महाराजांच्या वडिलांनी सी. के. नायडूंना इंदूरला आणलं आणि होळकर संघाने चारदा रणजी करंडक जिंकला. त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

[दृश्य: नवीन गाडीचं उघडलेलं बॉनेट. काळं प्लास्टिकचं झाकण.]

धाकटीच्या बाबतीत मी काहीच केलं नाही. माझी आताची गाडी बॉनेट उघडलं तरी काही दाखवत नाही. इंजिनावर झाकण, झाकणावर कंपनीचं नाव. तिथे मुलाच्या हातात तांब्या द्यायला जागाच नाही, असं मी धरून चालले होते.

मग तिने स्वतःच स्टिअरिंगखालच्या सॉकेटला काडेपेटीएवढं एक यंत्र लावलं आणि इंजिनातले आकडे फोनवर वाचायला लागली. महेश्वरहून परतताना, त्याच भेरूघाटात, ती शेजारी बसून ओरडत होती, "आई, ९४... ९६... ९८! पंखा लागला. ९३." कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. मी समोरच्या ट्रककडे बघत होते, आणि माझ्या पोटात काहीतरी हललं.

घरी येऊन तिने विचारलं, "आजोबा, पद्मिनीत हे कुठे दिसतं?"

बाबा म्हणाले, "दिसत नाही. वास येतो."

[दृश्य: मुलीचे हात. बारीक पॉलिश पेपर, डिस्ट्रिब्यूटरचं उघडं झाकण.]

तेव्हापासून रविवार त्या दोघांचा. प्लगला ठिणगी मिळवून देणारे डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट कसे घासायचे, फट मोजायच्या फीलर गेजची पाती त्यांच्या गॅपमधून किती अडखळत निघायला हवी, हे बाबा शब्दांत सांगत नाहीत, तिचा हात धरून दाखवतात. पाढे म्हणताना तिची जीभ अडखळते, पण सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात ते झोपेतही सांगेल: एक, तीन, चार, दोन. संध्याकाळी शुभंकरोतीनंतर हेही म्हणून होतं. आईला, म्हणजे या घरातल्या आजीला, ते मुळीच पसंत नाही.

[दृश्य: पुन्हा गल्ली. ऊन भिंतीवर आलेलं.]

ती आली. दात घासले की नाही, विचारायचं नाही. आजोबा चोक ओढतात, स्टार्टर मारतात. इंजिन उठतं, पण लंगडत.

ती मान तिरकी करते. "आजोबा, तीनच मारतायत."

"असं? कोणता नाही मारत?"

ती रबरी मुठीची पकड घेते. चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर उचलून बघायची. आवाज पडला, तर तो सिलिंडर जिवंत. काहीच फरक पडला नाही, तर मेला. पहिली उचलते, आवाज बसतो. परत लावते. दुसरी, तेच.

तिसरीला पकड लावते आणि थबकते. वायर आधीच ढिली आहे. ती हळूच मागे वळून बघते.

बाबा फाटकाशी दूधवाल्याचा हिशेब करतायत. आज एक तारीख नाही.